शेतीची वीज आणि पाण्याची खोली

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या ठाण्यामुळे दूरदूरच्या भाविकांना ठाऊक आहे. त्याच दैवताचे नाव धारण करणारा साखर कारखानाही आता या गावी उभा आहे. देवस्थान जुने, कारखाना अलीकडचा. या दोहोंच्या भोवती जो मुलूख पसरला आहे तो मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा कोरडवाहू. पश्चिमेला सीना नदी, पूर्वेला बालाघाटाची रांग आणि डोक्यावर पर्जन्यछायेचे आकाश. पाऊस बेभरवशाचा आणि जमिनीखाली काळा कातळ, अशा या भागाचे खरे पीक रब्बीच्या ज्वारीचे. तेथे ऊस उभा राहतो याचा अर्थ एवढाच की, कोठून तरी पाणी उचलून आणले जाते. आणि पाणी उचलायचे म्हणजे वीज लागते. शेतीच्या विजेचा प्रश्न मुंबईच्या मंत्रालयात बिलाच्या आकड्यांनी मांडला जातो. सोनारीसारख्या गावाच्या शिवारात तो निराळ्या मापाने मोजावा लागतो. ते माप म्हणजे विहिरीतील पाण्याची खोली.

राज्य सरकारने २०२४ च्या जुलै महिन्यात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज विनामूल्य देण्याचा हा निर्णय आहे. त्याचा लाभ ४४ लाखांहून अधिक शेतकऱ्यांना मिळेल आणि त्यापोटी दरवर्षी १४,७६० कोटी रुपयांचा भार शासन उचलील, असे त्या वेळी सांगण्यात आले. या रकमेला लाभार्थ्यांच्या संख्येने भागले, तर प्रत्येक पंपधारकामागे वर्षाला ३३ हजारांहून अधिक रुपये पडतात. रक्कम लहान नव्हे. शेतमालाच्या भावाची खात्री नसलेल्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्याला एवढा दिलासा मिळाला, तर त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न दिलासा द्यावा की नाही हा नसून, दिलेला दिलासा कोणापर्यंत पोहोचतो आणि त्यातून पाण्याचे काय होते, हा आहे.

मोफत विजेची ही कल्पना नवी नाही. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने खेडोपाडी तारा नेल्या, तेव्हा मोटेची जागा घेणारा विजेचा पंप हे प्रगतीचे लक्षण मानले गेले, आणि ते योग्यच होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आणि पंप यांची संख्या झपाट्याने वाढली. शिवारात विखुरलेल्या पंपांचे मीटर वाचणे मंडळाला जड जाऊ लागले, तेव्हा १९७७ च्या सुमारास अश्वशक्तीवर आधारित ठोक आकारणी सुरू झाली. पंप दिवसभर चालो की तासभर, बिल तेवढेच. पुढे २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीची वीज मोफत केली आणि निवडणुकीनंतर, २००५ साली, विलासराव देशमुख यांच्या सरकारने ती सवलत मागे घेतली. त्याच वर्षी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले. त्यानंतरच्या काळात थकबाकी साचत गेली, ती चाळीस हजार कोटींच्या वर पोहोचली. तिच्यावर व्याजमाफीच्या आणि निम्म्या रकमेत सुटकेच्या योजना आल्या. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक शेतीच्या विजेची किंमत तिच्या वापराशी जोडलेली राहिलेली नाही. २०२४ चा निर्णय हा या दीर्घ प्रवासाचा शेवटचा टप्पा होय.

परंतु शासनाने बिल माफ केले म्हणून निसर्ग आपले बिल माफ करीत नाही. याचा हिशेब करण्यास फार मोठे गणित लागत नाही. एक युनिट वीज पूर्णपणे कामी आली, तर तिच्यातून ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उंच उचलले जाते. प्रत्यक्षात मोटार, पंप, नळ आणि फूटव्हॉल्व्ह यांत शक्ती वाया जाते. बऱ्यापैकी संचातही चाळीस टक्केच वीज सार्थकी लागते असे धरले, तर हा आकडा दीडशेच्या आत येतो. आता एक एकर रानाला साडेसात सेंटिमीटर उंचीचे एक पाणी द्यायचे, तर सुमारे ३०० घनमीटर पाणी लागते. विहिरीतील पाणी वीस मीटरांवर असेल, तर या एका पाण्याला ४१ युनिटे पुरतात. तेच पाणी साठ मीटरांवर गेले, की १२२ युनिटे लागतात आणि शंभर मीटरांवर गेले, की दोनशेच्या वर. पीक तेच, रान तेच, पाणीही तेवढेच. वाढली ती फक्त खोली.

हाच हिशेब तासांत मांडला, तर त्याचा अर्थ शेतकऱ्याला अधिक जवळून कळतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण साडेचार युनिटे घेतो. शेतीला वीज मिळते ती आठ तासांच्या पाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. वीस मीटरांवर पाणी असलेल्या शेतकऱ्याचे एकराचे एक पाणी नऊ तासांत, म्हणजे विजेच्या एका पाळीत आणि वर तासाभरात उरकते. साठ मीटरांवरच्या शेतकऱ्याला त्यासाठी सत्तावीस तास, म्हणजे तीन पाळ्यांहून अधिक काळ जागावे लागते. दोघांचेही बिल शून्य आहे. पण दोघांना मिळालेली सवलत मात्र सारखी नाही. वीज मोफत झाली, तरी विजेचे तास वाढलेले नाहीत. खोल गेलेल्या पाण्याची किंमत पैशांत भरता येत नाही, तेव्हा ती रात्रीच्या जागरणात भरावी लागते.

या जागरणाचा जमाखर्च कोणत्याच अहवालात मांडला जात नाही. थंडीच्या रात्री बॅटरी हातात घेऊन बांधावर उभे राहणे, साप-विंचवाच्या भीतीने पाऊल टाकणे, मध्येच एक फेज गेली की मोटार जळू नये म्हणून स्टार्टरकडे धावणे, हे ओलिताखालच्या शेतीचे नित्याचे रूप आहे. हा त्रास टाळण्यासाठी पंपाला ऑटोस्विच बसवला जातो. वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर एकदम भार पडतो आणि डीपी जळते. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत उभे पीक वाळते. विद्युतदाब कमी असतो म्हणून शेतकरी मोठ्या अश्वशक्तीची मोटार बसवतो आणि मोठ्या मोटारींमुळे दाब आणखी कमी होतो. जळालेली मोटार भरून आणण्याचा खर्च, दर दोन-चार वर्षांनी नव्या विंधनविहिरीचा खर्च, कोरड्या निघालेल्या बोअरवर बुडालेले कर्ज, हे सारे मिळून जे बिल होते ते महावितरणच्या बिलाहून पुष्कळदा मोठे असते. त्याला मात्र माफी नाही.

आणखी एक हानी सहजी डोळ्यांत भरत नाही. बिल भरणारा मनुष्य ग्राहक असतो. त्याला तक्रार करण्याचा, भरपाई मागण्याचा अधिकार असतो. बिल न भरणारा केवळ लाभार्थी उरतो. डीपी आठ दिवस बंद राहिली, तर लाभार्थ्याने कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या दर्जाबद्दल बोलण्याची सोय राहत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव शेतीच्या विजेलाही लागू पडतो.

खोली वाढते ती कशाने, हे पाहिल्यावर पिकाचा विचार टाळता येत नाही. उसाला वर्षभरात पंचवीस-तीस पाणी लागते. रब्बी ज्वारीला दोन-तीन. वरच्याच हिशेबाने वीस मीटरांवरून एक एकर उसाला पंचवीस पाणी दिले, तर हजारावर युनिटे खर्ची पडतात. साठ मीटरांवरून दिले तर तीन हजारांवर. युनिटामागे आठ रुपये खर्च धरला, तर हा एकरी चोवीस हजारांचा भार होतो. उलट साठ मीटरांवरून ज्वारीला तीन पाणी दिले, तरी पावणेचारशे युनिटांच्या आत काम भागते. महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले आहे. विजेच्या अनुदानाचा ओघही अर्थातच पाण्याच्याच मागोमाग जातो.

तथापि उसाला शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. परंड्याचा शेतकरी ऊस लावतो तो हौसेने नव्हे. ठरलेला भाव, ठरलेले गिऱ्हाईक आणि बांधावर येणारी तोडणी टोळी या तीन गोष्टी ज्वारीला, करडईला किंवा तुरीला आजवर कोणी मिळवून दिलेल्या नाहीत. कांद्याचा भाव कोसळतो, टोमॅटो रस्त्यावर फेकावा लागतो, उसाचे तसे सहसा होत नाही. साखर कारखाना हा या दुष्काळी पट्ट्यात रोजगार आणि पत निर्माण करणारा उद्योग आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण ही खात्री ज्या पाण्यावर उभी आहे, ते पाणीच अनिश्चित आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांच्या दुष्काळात या जिल्ह्याने जे भोगले ते विसरण्याजोगे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते.

येथील भूगर्भाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. हा काळ्या कातळाचा प्रदेश आहे. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि त्याखालच्या भेगांत. गंगेच्या मैदानासारखे पाण्याचे अथांग साठे येथे नाहीत. खोल बोअर घेणारा शेतकरी नवे पाणी शोधतो असे त्याला वाटते. पुष्कळदा तो शेजाऱ्याच्या विहिरीत उतरणारे पाणीच खालून ओढून घेत असतो. ज्याची ऐपत अधिक त्याचा बोअर अधिक खोल आणि ज्याचा बोअर अधिक खोल त्याच्या पदरात फुकट वीज अधिक. उथळ विहिरीचा लहान शेतकरी पाण्यालाही मुकतो आणि अनुदानालाही. ज्याच्याकडे विहीरच नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव तर या यादीत येतच नाही. आणि राज्यातील लागवडीखालच्या जमिनीपैकी पाचवा हिस्सासुद्धा जेमतेम ओलिताखाली आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने शेतीसाठी साठ मीटरांहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. कायदा साठ मीटरांवर थांबा म्हणतो आणि वीज मात्र कितीही खोल जा म्हणते. अशा दोन आज्ञांपैकी कोणती पाळली जाईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

भूजल पुरत नाही म्हणून दूरच्या नदीचे पाणी आणावे, ही मागणी स्वाभाविक आहे. सीना-कोळेगाव धरण आणि उजनीचे पाणी उचलून सीनेच्या खोऱ्यात व पुढे बालाघाटाच्या माथ्याकडे नेणारी कृष्णा-मराठवाडा योजना यांवर या भागाच्या आशा खिळल्या आहेत. मराठवाड्याचा त्या पाण्यावरील हक्क न्याय्य आहे. मात्र हक्काचे पाणीही चढ चढताना वीज मागते. एक टीएमसी पाणी शंभर मीटर उंच चढवण्यासाठी, यंत्रणा सत्तर टक्के कार्यक्षम धरली तरी, एक कोटी दहा लाखांच्या जवळपास युनिटे लागतात. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या कृष्णा खोऱ्यातील उपसा योजनांचे पंप वीजबिल थकल्यामुळे बंद पडल्याचे प्रसंग सांगली जिल्ह्याने पाहिले आहेत. अखेर त्या बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा, असे सूत्र स्वीकारावे लागले. एवढ्या मोलाने वर चढवलेले पाणी पाटाने मोकाट सोडले, तर ती उधळपट्टी परवडण्याजोगी नाही.

या सर्व गोंधळाच्या मुळाशी एक साधी उणीव आहे. शेतीला नेमकी किती वीज लागते, हे कोणी मोजीत नाही. असंख्य पंपांना मीटर नाहीत. ज्यांना आहेत त्यांचे वाचन नियमित होत नाही. मीटर नसलेल्या पंपाचा वापर अंदाजाने धरला जातो आणि त्या अंदाजाच्या आडोशाला वीजगळती व चोरी लपवली जाते, असा आक्षेप वीजग्राहकांच्या संघटना वर्षानुवर्षे घेत आल्या. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत या आक्षेपात तथ्य आढळले, आणि वीज नियामक आयोगानेही पुढे शेतीचा दाखवलेला वापर कमी धरून गळतीचे प्रमाण वाढवून धरले. म्हणजे शेतकऱ्याने न वापरलेली वीजही त्याच्या नावावर खर्ची पडत होती. मोफत विजेच्या काळात हा धोका कमी न होता वाढतो. कारण बिल न येणारा शेतकरी मीटर तपासणार नाही, आणि अनुदान मिळणारी कंपनीही तो तपासण्याची घाई करणार नाही.

सौर ऊर्जेने या चित्रात नवी आशा आणली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. त्यात गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. रात्रीचे जागरण संपवणारी कोणतीही योजना स्वागतार्हच ठरेल. पण सूर्यालाही बिल पाठवता येत नाही, हे विसरून चालणार नाही. स्वतंत्र सौरपंपाला एकदा बसवल्यावर पुढचा खर्च जवळजवळ नाही. ऊन आहे तोवर तो पाणी ओढत राहील. विजेचा तुटवडा हा आजवर भूजलाचा नकळत झालेला राखणदार होता. तो दूर झाल्यावर त्याच्या जागी दुसरा राखणदार उभा करावा लागेल.

तो कसा उभा करावा, याचे मासले देशातच आहेत. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ साली सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून उरलेली वीज कंपनीला विकण्यास आरंभ केला. पंप बंद ठेवला तर पैसे मिळतात, असे प्रथमच घडले. पंजाबने २०१८ साली काही वाहिन्यांवर पंपांना विजेचा ठरावीक कोटा दिला आणि त्यातून वाचवलेल्या प्रत्येक युनिटामागे चार रुपये शेतकऱ्याच्या खात्यात जमा करण्याची योजना आखली. वीज फुकट राहिली, पण वाया घालवण्याचे मोल शेतकऱ्याला दिसू लागले. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर विजेच्या दराची वाट न पाहता ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि उसासारखी पिके वर्ज्य मानली.

सोनारी आणि तिच्यासारख्या गावांना यातून आपला मार्ग काढता येण्याजोगा आहे. प्रत्येक पंपावर मीटर बसवणे कठीण असेल, तर प्रत्येक डीपीवर तरी तो बसवावा. एका डीपीवरील दहा-वीस शेतकऱ्यांचा गट एकमेकांना ओळखतो. कोणाचा पंप किती चालतो हे त्यांना मीटरविनाही ठाऊक असते. आज दिले जाणारे अनुदान त्या गटाच्या नावे युनिटांच्या रूपाने ठरवून द्यावे आणि वाचलेल्या युनिटांची रक्कम गटाला रोख मिळावी. त्या पैशातून चांगला पंप, योग्य व्यासाचा नळ, कपॅसिटर आणि ठिबक संच घेता येईल. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ साली घेतला होता. सक्तीने जे साधले नाही, ते कदाचित या हिशेबाने साधेल. ठिबकने पाणी निम्म्यावर आले तर वीजही त्याच मानाने वाचते. फक्त वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस वाढवण्याचा मोह गटाने आवरला पाहिजे. अन्यथा खोली होती तेथेच राहील. अटल भूजल योजनेत हा जिल्हा समाविष्ट होता आणि निवडक ग्रामपंचायतींत पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्याची सवय त्या निमित्ताने सुरू झाली. पाण्याच्या त्या फलकाशेजारी विजेच्या युनिटांचाही एक रकाना आखला, तर दोन्ही हिशेब एकाच नजरेत येतील.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. कालव्यावरच्या शेतकऱ्याला शासनाने बांधलेल्या धरणाचे पाणी नाममात्र पाणीपट्टीत मिळते, मग स्वतःच्या पैशाने विहीर खोदणाऱ्यालाच हा हिशेब का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याचे अनुदान काढून घ्यावे असे कोणी म्हणू नये. ते त्याच्याकडेच राहावे. फक्त पाणी उपसल्यावरच मिळण्याऐवजी पाणी राखल्यावरही मिळावे. त्याच बरोबरीने ज्वारी, तूर, हरभरा यांच्या खरेदीची हमी कारखान्याच्या काट्याइतकी पक्की झाली पाहिजे. नाहीतर कमी पाण्याचे पीक घ्या हा उपदेश भरल्या पोटी केलेला उपदेश ठरेल.

मोफत विजेची मुदत मार्च २०२९ मध्ये संपते. तोपर्यंत शासन तिजोरीचा हिशेब करील आणि पक्ष निवडणुकीचा. गावाने मात्र या अवधीत आपल्या विहिरींची पातळी दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजून लिहून ठेवावी. मुदत संपेल त्या दिवशी पाणी जेथे होते तेथेच असेल, तर बिल पुन्हा आले तरी ते भरण्याजोगे असेल. ते आणखी वीस मीटर खाली गेले असेल, तर माफी चालू राहिली काय आणि थांबली काय, उपसायला उरेल ते थोडेच.